हळद-कुंकू कुठे लावायचं?

दसऱ्याला आमच्या कोपऱ्यावरच्या डेपोत नव्या, विजेवरच्या बसची पूजा चालली होती. मीही डोकावले. हार घालून झाला आणि ड्रायव्हरमामा हळद-कुंकवाची वाटी हातात घेऊन थबकले. दरवर्षी त्यांचं पहिलं बोट इंजिनाला टेकायचं.

"ताई, हिला इंजिनच नाही हो. कुंकू लावू कुठे?"

"चार्जिंगच्या वायरीला लावा," मी बोलून गेले. त्यांनी लावलं, आणि पंचाईत माझीच झाली.

ती वायर मनातल्या मनात मागे मागे नेली, तर थेट माझ्या माहेरी पोचते. तिथे वीजकेंद्राची धुराडी आहेत. दोरीवरची धुतलेली साडी आई अजूनही राख झटकूनच घडी करते. मग इथला धूर खरंच संपला, की माझ्या माहेरी राहायला गेला? पण आमच्या थांब्यावर आता नाकाला पदर लावावा लागत नाही, हेही खोटं कसं म्हणू?

हात मात्र जोडलेलेच होते.

मामा बसमध्ये चढले. गाडी सुरू झाल्याचा आवाज येईल म्हणून आम्ही सगळे सवयीने थांबून राहिलो. चाकाखालचं लिंबू फचकन फुटलं, तेव्हा कळलं, ती निघालीसुद्धा.