मिस्त्रीचे अनवाणी पाय

आमच्या गाडीतलं इंजिन थंड ठेवणारं कूलंट रोज कमी व्हायचं, पण गाडीखाली थेंबही सापडत नव्हता. दुसऱ्या दिवशी मेव्हणीचं लग्न सिल्लोडला होतं आणि बायकोनं एसटीनं जायची धमकी दिली होती. आम्ही दोघं गाडी घेऊन छावणीतल्या गॅरेजात गेलो, तर तिथल्या जाडजूड मिस्त्रीनं बॉनेटकडं पाहिलंही नाही. चपला बाहेर काढून, देवळात शिरावं तसा तो गाडीत शिरून बायकोच्या जागेवर बसला.

"चपला कशाला काढल्या?"

"दुसऱ्याच्या गाडीत चपला घालून कसं बसायचं, साहेब?"

मॅट सारून त्यानं गालिच्यावर पाय टेकवले, डोळे मिटले आणि पायांची ओली झालेली बोटं नाचवली.

"हीटरची नळी आत गळतीय. वहिनी, तुम्हाला कळलं नाय?"

मग त्यानं बायकोच्या पायांकडं पाहिलं.

"कसं कळंल? सँडल लई उंच हाय तुमची."

नळी त्याच संध्याकाळी बदलून झाली. दुसऱ्या दिवशी बायको अनवाणी बसली आणि सिल्लोडपर्यंत दर गावाला गालिचा चाचपून जाहीर करत राहिली, "कोरडंय."