लिहून बोला

गटात तिचं नाव होतं ‘निवांत’. नाव तेवढं निवांत. बाई मात्र कुणालाही निवांत बसू देणारी नव्हती. कुणी काही लिहिलं की हिचा प्रश्न आलाच. त्याचं उत्तर दिलं की त्याच्या शेपटाला दुसरा. “निवांतताई आल्या, पळा,” असं लोक गमतीनं लिहायचे, पण पळत कुणी नसे.

गट इंटरनेटवरचा, मराठीतून फंक्शनल प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांचा. कॉम्प्युटरला काम सांगायच्या अनेक रीती असतात, त्यातली ही एक. सगळं काम छोट्या छोट्या फंक्शनांमध्ये वाटायचं. फंक्शनच्या हातात अमुक दिलं की त्यानं तमुक उत्तर द्यायचं, आणि मागच्या दारानं कशात ढवळाढवळ करायची नाही. आज विचारा, उद्या विचारा, रागानं विचारा, उत्तर तेच.

ही रीत तिला पाहताक्षणी आवडली, त्याला कारण होतं. तिला ऐकू येत नव्हतं. शाळेत असताना एक मोठा ताप आला, आणि गेला तो कान घेऊन गेला. बोलायला यायचं, समोरच्याचे ओठ वाचायला यायचे. पण एखादा शब्द निसटला आणि तिनं “काय म्हणालास?” असं विचारलं, की पहिल्यांदा सांगितलेलं लांबलचक वाक्य दुसऱ्यांदा निम्मं व्हायचं आणि तिसऱ्यांदा “काही नाही गं, जाऊ दे” एवढंच उरायचं. अख्खं आयुष्य तिनं ही ‘जाऊ दे’ गिळली होती. न कंटाळता तेच उत्तर पुन्हा देणारं जगात काहीतरी आहे, हे कळलं तेव्हा तिला हायसं वाटलं.

पोटापाण्यासाठी ती चष्म्याच्या काचा घासून देणाऱ्या कारखान्यात होती. दुकानांतून नंबर यायचे. कोरी काच यंत्रावर चढवायची, घासायची, पॉलिश करायची, फ्रेमच्या मापानं कडा कापायच्या. यंत्रांचा घरघराट असा, की तिथं सगळेच बहिरे. त्यामुळे कारखान्यात तिचं कुणाशी अडत नसे. अडलं ते फक्त मुकादमाशी. त्याच्या मिशा ओठांवर छपरासारख्या उतरलेल्या. पहिल्याच आठवड्यात तिनं त्याला तोंडावर सांगितलं, “मिशा तरी कापा, नाहीतर लिहून तरी द्या.” मिशा काही कापल्या गेल्या नाहीत, पण मुकादम खिशाला पेन लावून फिरायला लागला.

पुढे कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणारं यंत्र आलं. बाकीच्यांनी अंग चोरलं, हिनं ते मागून घेतलं. यंत्राच्या आत काय चालतं या कुतूहलातून ती प्रोग्रॅमिंगकडे वळली. कॉलेजात कॉम्प्युटर शिकणारी पुतणी म्हणाली, “आत्या, या गटात जा. मी कंटाळून सोडला, पण तुझ्यासारख्या चिवट माणसाला बरा आहे.”

गट चालवणाऱ्याला सगळे मास्तर म्हणत. माणूस विद्वान, शिकवायची हौस दांडगी, पण स्वभावानं जरा ताठ. फंक्शनल रीतीत एखाद्या नावाला किंमत दिली की ती नंतर बदलत नाही, हे त्यांनी लिहिलं आणि तिनं तलवार उपसली.

“काहीच बदलायचं नाही म्हणता, मग काम कसं व्हायचं?”

“बदलायचं नाही. नवीन बनवायचं,” मास्तरांनी लिहिलं.

“हा शब्दांचा खेळ झाला.”

“विचार करा.”

“विचार करूनच विचारतेय. आता तुम्ही विचार करून सांगा.”

हे भांडण बरेच दिवस चाललं. मग एकदा कारखान्यात एका गिऱ्हाइकाचा नंबर बदलून काच परत आली, आणि ती हातात धरून ही तशीच उभी राहिली. घासलेली काच काही पुन्हा भरून काढता येत नाही. नवा नंबर आला की नवी कोरी काच घ्यायची. जेवणाच्या सुट्टीत तिनं गटावर हे लिहून टाकलं.

“उदाहरण चांगलं आहे,” मास्तर म्हणाले. “जुन्या काचेचं काय करता?”

“फेकतो.”

“कॉम्प्युटरही जुनी किंमत फेकतो. तिची आता कुणालाच गरज नाही, अशी खात्री झाली की.”

ती एवढ्या मोठ्यानं हसली, की पलीकडच्या बाकावरचा डबा खाणारा दचकला.

असं दोनेक वर्षं छान चाललं. तिला ऐकू येत नाही हे गटात कुणालाही ठाऊक नव्हतं, आणि सांगायची गरजही पडली नव्हती. तिथं सगळेच लिहून बोलत. ती बहिरी नव्हती, फक्त भांडखोर होती. घरीदारी इतकं साधं राहायला तिला कुठंच मिळालं नव्हतं.

मग मास्तरांनी जाहीर केलं: यापुढे अवघड विषयांची चर्चा रविवारी सकाळी, प्रत्यक्ष आवाजात. लिहिण्यात आठवडा जातो ते बोलून तासाभरात उरकेल. लोकांनी टाळ्यांची चित्रं टाकली.

“लिहिलेलं राहतं. बोललेलं वाऱ्यावर जातं,” तिनं विरोध नोंदवला.

गटात कोंबडा नावाचा एक जण होता; भल्या पहाटे सगळ्यांच्या आधी लिहायचा म्हणून हे नाव. तो म्हणाला, “ताई लाजताहेत! आवाज ऐकवा की एकदा.”

 रविवारी तिनं पुतणीला शेजारी बसवलं. पोरगी ऐकून ऐकून टाइप करत होती. पण तिकडे एकाच वेळी तिघं बोलत, एकमेकांचं तोडत, हसत. पुतणीची बोटं मागे पडली.

“आता का हसले?” हिनं विचारलं.

“काही नाही गं आत्या. असाच विनोद होता.”

पोरीचा काही दोष नव्हता. बिचारी घामेजली होती. पण हिच्या डोक्यात तिडीक गेली. जिथं हे वाक्य आजवर कधी शिरलं नव्हतं, तिथंही ते पाय पसरून बसलं. तिनं स्क्रीन मिटून टाकली.

त्या दुपारी जेवताना दादा तिच्याकडे तोंड करून, सावकाश म्हणाला, “सांगून टाक ना त्यांना. माणसं समजून घेतात.”

“समजून घेतात म्हणजे काय करतात, माहितेय मला. डोक्यावरून हात फिरवतात.”

“वन्सं, सोडा हो,” वहिनी म्हणाली. “कुठले कोण लोक. एवढा जीव कशाला जाळायचा?”

“माझी जागा आहे ती, वहिनी. दुसऱ्याची असती तर सोडली असती.”

संध्याकाळी तिनं गटावर लिहिलं: मला ऐकू येत नाही. दयेसाठी सांगत नाही. चर्चा लिहून होत होती तोवर मी तिच्यात होते, आता नाही. काय करायचं ते बोला. लिहून बोला.

आणि पूर आला. हात जोडलेली चित्रं, फुलं, “तुमची जिद्द पाहून डोळे भरून आले”, “खरी प्रेरणा”. एकानंही रविवारबद्दल चकार शब्द काढला नाही.

तिनं ठणकावलं, “मी प्रेरणा वगैरे नाही. तुमच्या चुका काढणारी बाई आहे मी. कालपर्यंत ठाऊक होतं ते तुम्हाला.”

मास्तरांनी तोडगा काढला. दर रविवारी चर्चा झाली की कुणीतरी सारांश लिहून टाकेल.

“तुम्ही पोटभर जेवून उठणार, आणि मग मला सांगणार की जेवण छान झालं होतं,” तिनं लिहिलं. “नको. मला पंगतीत बसायचंय. वाढप्याशी भांडायचंय.”

“एकासाठी सगळ्यांची सोय मोडता येत नाही.”

“बरं. मग माझी सोय मी करते.”

पुढच्या रविवारी, नेमक्या त्याच वेळी, तिनं गटावर नवी चर्चा उघडली: ‘इथं लिहून बोलायचं.’ विषय तोच घेतला. आणि कुणीही आलं नाही. ती पूर्ण तासभर बसली. स्वतःच प्रश्न टाकले, स्वतःच उत्तरं दिली, स्वतःच्या उत्तरांवर हरकतीही घेतल्या. पुतणी डोकावली आणि म्हणाली, “आत्या, हे जरा वेड्यासारखं दिसतंय.”

“दिसू दे.”

त्यानंतरच्या खेपेला एक बाई आली. तिचं तान्हं बाळ मांडीवर झोपलेलं असे. आवाज केला की उठे. मग एक जण आला, त्याची जीभ बोलताना अडखळायची. आणि एका रविवारी, काहीसा खाली मान घालून, कोंबडा.

“ताई, त्या दिवशी मी आगाऊपणा केला,” त्यानं लिहिलं.

“केलात. आता बसा आणि आजच्या विषयावर, यादीवर, बोला.”

मास्तरांचा पारा चढला. त्यांनी तिला खासगीत लिहिलं, “तुम्ही गट फोडलात. मी एवढ्या वर्षांत जोडलेली माणसं आहेत ही.”

“दार तुम्ही लावलंत. मी खिडकी उघडली तर घरफोडी मीच केली का?”

“ही चर्चा बंद करा, अशी माझी विनंती आहे.”

“विनंती पोचली. चर्चा बंद होणार नाही. तुमच्या हातात बटण आहे, पुसायची असेल तर पुसा. पण मग सगळ्यांसमोर पुसा, आणि का पुसली ते लिहा.”

मास्तरांनी पुसली नाही. वरच्या फळीवरही ठेवली नाही. जाणाऱ्या-येणाऱ्याला सहज दिसणार नाही अशी ती तळाशी पडून राहिली आणि तरी भरत राहिली.

आणि मग तिनंच एक चूक केली. यादीतले आकडे एकेक करून गोळा करत एकच उत्तर काढायचं, असा विषय चालला होता. तिनं छातीठोकपणे लिहिलं: डावीकडून गोळा करा नाहीतर उजवीकडून, उत्तर एकच. कुणी हटकलं नाही. तिला हटकायची हिंमत कोण करणार?

दोन दिवसांनी तळातल्या त्या चर्चेत मास्तर उगवले.

“हे साफ चूक आहे. बेरजेला चालतं. वजाबाकी करून बघा. दहा, तीन, दोन.”

तिनं कागद ओढला. डावीकडून: दहातून तीन गेले सात, सातातून दोन गेले पाच. उजवीकडून: तिनातून दोन गेले एक, दहातून एक गेला नऊ. पाच आणि नऊ. तिचे कान, ऐकू येत नसले तरी, लाल झाले.

“चुकले,” तिनं लिहिलं. “पण मग कुठल्या कामाला कुठलीही दिशा चालते आणि कुठल्या नाही, हे आधी कसं ओळखायचं?”

मास्तरांनी समजावलं. तिला कळलं नाही.

“पुन्हा सांगा.”

त्यांनी पुन्हा सांगितलं. पूर्ण, एकही पायरी न गाळता. तिनं तिसऱ्यांदा विचारलं, त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं. मध्ये कोंबड्यानं नाक खुपसलं, बाळाच्या आईनं त्याला खोडलं, आणि वाद असा पेटला की मास्तरांची लांबलचक वाक्यं एकाखाली एक पडत गेली. सगळी तिच्यासमोर, जशीच्या तशी.

मास्तरांनी माफी वगैरे मागितली नाही. तिनंही मागितली नाही. आवाजातला रविवार चालूच राहिला, तिकडे गर्दीही जास्त. पण लिहिण्याची चर्चा तळातून उचलून वरच्या फळीवर आली. कुणी आणली ते कुणी विचारलं नाही. मास्तर अधूनमधून येत, आले की एखादी चूक काढून जात.

काही महिन्यांनी त्यांनी तिला कळवलं, “नव्यानं येणाऱ्यांचा विभाग तुम्ही सांभाळाल का? त्यांच्या शंकांना तुम्ही चांगलं उत्तर द्याल. तुम्हालाही सोपं जाईल.”

तिनं दादाला तो मजकूर दाखवला. दादा खूश झाला. “मान दिलाय की गं तुला!”

“मान नाही, दादा. मऊ जागा दिलीय बसायला.”

तिनं उत्तर पाठवलं: आभार. नवशिक्यांचा विभाग कोंबड्याला द्या, तो पहाटेच उठतो. मला तो शेवटचा धडा द्या, ज्याच्यावर तुमच्या रविवारी निम्मे लोक गळतात. तो लिहून शिकवायचा मी प्रयत्न करते.

“तो तुम्हाला स्वतःला कळलाय का?” मास्तरांनी विचारलं.

“अजिबात नाही. म्हणून तर मागतेय.”

 मग धडा आला, सोबत एका ओळीत: अडलात तर विचारा.

ती पहिल्याच पानावर अडली. विचारलं.