कावळ्याला कबूल केलेले एकतीस तारे

वडील गेले तेव्हा माझ्या एकतीस ताऱ्यांपैकी पंधराच पुरे झाले होते. मी पुण्यात संशोधन करत होतो. तारे सगळे फार तापलेले, निळसर, आणि इतर ताऱ्यांशी ताडून बघण्यासाठी प्रमाण मानलेले. जवळचा तारा उगीच ठळक दिसतो. म्हणून सगळे सारख्या अंतरावर आहेत असे धरून, कोणाचे तेज मुळात किती, ते मला काढायचे होते. त्यासाठी फोटोच्या काचेवर त्यांच्या प्रकाशाच्या रंगपट्ट्यातली एक काळी रेघ मोजायची. एकाच जातीच्या दोन ताऱ्यांत ज्याची रेघ बारीक, तो अधिक तेजस्वी.

घरात हे फक्त वडिलांना समजले. ते प्रवरेच्या कालव्यावर पाटकरी होते. शेतांना पाळीने पाणी सोडायचे. "पाटाच्या तोंडाशी ज्याचं रान, त्याचा ऊस बघून त्याला हुशार म्हनू नये," ते म्हणाले. "सगळ्यांची रानं सारख्या लांबीवर न्यायची, मग बघायचं. व्हय ना?" वर्गात इतके नेमके मला कोणी सांगितले नव्हते.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला. बाभळीवर चार कावळे होते, पण एकही खाली येईना. कावळा शिवल्याशिवाय आई पाणी घेणार नव्हती, आणि ऊन चढत होते. धाकटे चुलते हात जोडून वचने देऊ लागले.

"दादा, वहिनीला काही कमी पडू देनार न्हाई."

कावळे गप्प.

"दादा, म्हातारी गाय इकनार न्हाई."

एका कावळ्याने पंख साफ केला. गुरुजी दर्भाचा कावळा वळायला बसले.

"गवताचा नको," आई म्हणाली. "त्येंचा जीव कशात तरी अडकलाय."

चुलत्यांनी माझ्याकडे पाहिले. "तुझे तारे किती राह्यले रं?"

"सोळा."

"मग सांग की त्यांना."

मी पुढे झालो. "आबा, तीस तारे पुरे करतो."

एक कावळा उतरला, दोन उड्या मारल्या आणि थांबला.

"एकतीस हुते ना?" चुलते मागून म्हणाले.

"एक जोडतारा आहे. दोघांचा उजेड मिसळलाय. एकेकाचं तेज निघत नाही."

"कावळ्याला काय कळतंय, जोड का सुटा?"

"आबांना कळतं."

कावळा एक पाऊल मागे सरला. आईने पदर पुढे ओढला. तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते.

"एकतीस," मी म्हणालो.

कावळा आला, चोचीत भात घेतला आणि उडाला. आईने तांब्या तोंडाला लावला.

पुढे वर्षभराने मार्गदर्शकांनी माझा तक्ता तपासला. "हा जोडतारा कशाला ठेवलाय? प्रमाण म्हणून निरुपयोगी आहे. काढून टाका."

"काढता येणार नाही, सर."

"कारण?"

"घरगुती आहे."

त्यांनी पेन्सिलीने त्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह काढले. मी धोतरातल्या चुलत्यांना आणि कावळ्याला त्या खोलीत आणू शकलो नाही. शेवटी एकतिसावी ओळ राहिली. तिच्यात दोघांचे मिळून तेज, आणि खाली टीप: वेगळे करता आले नाही.

आबांनी एवढ्यावर चालवून घेतले असते. कावळ्याचे सांगता येत नाही.