कापलेल्या वायरचा फोन

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. आणि कमेंटमध्ये 'वायरिंग फॉल्ट असेल' असं शिकवायला येऊ नका... वीस वर्षं जबलपुरजवळच्या सबस्टेशनमध्ये मी वायरिंगच बघतोय.

इथलं छोटं पावर हाऊस बंद करायच्या रिपोर्टवर माझीही सही होती. राजस्थानातून सोलरची स्वस्त वीज येणार, मग हा धूर कशाला! तिथले ऑपरेटर मेश्राम काका बाबांचे जिवलग मित्र. त्यांनी भर चौकात मला ऐकवलं, "एवढ्या लांबच्या तारेवर अख्खं शहर टांगून राहिला तू. माझ्या दारात पाय ठेवू नको." मीही ठेवला नाही. म्हातारा हेकट आहे, म्हणत राहिलो.

मे महिन्यात, भरदुपारी, तिकडे राजस्थानात धुळीचं वादळ आलं आणि लाइन ट्रिप होऊन बंद पडली. वरून हुकूम आला — ताबडतोब लोड कमी करा, एक भाग काढा, म्हणजे तिथली वीज तोडा. यादीत पहिलं नाव नेपियर टाउन. तिथल्या क्लिनिकमध्ये आई डायलिसिसवर होती, आणि जनरेटर बिघडलाय असं बायकोनं नुकतंच कळवलं होतं. नियम म्हणजे नियम... पण हात उचलेना.

तेवढ्यात कोपऱ्यातला फोन वाजला. बंद पावर हाऊसशी थेट जोडलेला. त्याची वायर मीच कापली होती.

आमच्या कामात नाव विचारून रजिस्टरमध्ये लिहिल्याशिवाय निरोप घेत नाहीत. सवयीनं विचारलं, "कोण बोलतंय?"

"मेश्राम. नेपियर टाउन काहून काढून राहिला? महाराजपुर काढ. माझ्या घरी आता लाइट नाही लागत."

"काका, तुम्ही—"

"वहिनीसाठी सांगून राहिलो. तिच्या हातचं खाल्लं आहे. तुझ्यासाठी नाही."

महाराजपुर काढलं. आई वाचली.

संध्याकाळी महाराजपुरला काकांकडे गेलो, तर अंगणात माणसं बसलेली. त्यांचा मुलगा म्हणाला, "भैया, बाबा आज दुपारी एक वाजताच गेले. आठ महिने ऑक्सिजनच्या मशीनवर होते. लाइट गेली की तडफडायचे. तुम्हाला सांगू नका म्हणायचे."

त्या आठ महिन्यांत महाराजपुर मीच कितीदा काढलं होतं! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रजिस्टरमध्ये माझ्याच अक्षरात आहे — दोन वाजून सतरा मिनिटं, मेश्राम. कसं, ते मला अजून कळलेलं नाही. नंतर एकदा तोच रिसीव्हर उचलून "काका, माफ करा" म्हणालो. बराच वेळ कानाला लावून ठेवला.

म्हातारा अजून माझ्याशी बोलत नाही.