पद्माच्या तव्यावरची गाणी

भाकरी करपल्याचा वास आला, तेव्हा मला आनंद झाला होता.

आज महिना झाला. पद्मा त्याच दुपारी गेली.

ज्यांना ती ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सांगलीत आमची भिंतीला भिंत. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, कॉलेजात इंग्रजी शिकवून रिटायर झालेली, तोंडाची फटकळ. ती जैनांच्या घरातली, शेती आणि हळदीच्या व्यापारात उभं आयुष्य गेलेलं, नवऱ्यामागं एकटी. जेवण दिवस मावळायच्या आत, त्यामुळे चारच्या सुमाराला तिचा तवा चढायचा.

आणि फोन पिठाच्या डब्याला टेकून उभा राहायचा.

पद्मा नवी गाणी ऐकायची. कंपन्यांची नाहीत, सिनेमातली नाहीत. स्वतःच गाणं बांधून, स्वतःच रेकॉर्ड करून, स्वतःच्याच चॅनेलवर टाकणाऱ्या पोरापोरींची.

ॲप जे आपणहून पुढ्यात आणून ठेवतं त्याला ती हात लावायची नाही. "ते जगानं चाखून ठेवलंय गं," म्हणायची.

ती गावांची नावं टाकून शोधायची. वाई. उंब्रज. म्हसवड. सगळ्यात नवीन आधी.
मग बारशाचे व्हिडिओ, सरपंचांची भाषणं, विकायला काढलेले ट्रॅक्टर यांतून वाट काढत एखादं गाणं सापडायचं. तोवर ते फक्त गाणाऱ्याच्या आईनं आणि मामानं ऐकलेलं असायचं.

परीक्षा एकच. गाणं लावायचं आणि भाकरी तव्यावर टाकायची.
हात चालत राहिला तर गाणं नापास.
गाण्यात जीव अडकून भाकरी उलटायचीच राहिली, तर पास.

मग खाली कॉमेंट: "भाकरी करपली."

पुण्याच्या एका गिटारवाल्यानं उत्तर दिलं होतं, "काकू, रेसिपीचा ग्रुप वेगळा आहे."
पुढं त्याच्याच कार्यक्रमाच्या पोस्टरवर "भाकरी करपली" हे दोन शब्द त्याच्या नावापेक्षा मोठे छापलेले होते.

मी एकदा विचारलं, "मुद्दाम करपवतेस का गं?"
"ज्वारीचा भाव काय झालाय म्हाईत हाय का तुला? ॲक्टिंगला परवडत न्हाई."

म्हसवडचा सिद्धनाथ तिला असाच गावाच्या नावावरून सापडला. घर धनगरांचं. हा डाळिंबांची पिकअप चालवतो आणि काचा वर करून गाडीतच गातो, गाडीतच रेकॉर्ड करतो. आज्यानं मेंढरं विकली त्या दिवसाचं गाणं त्यानं बांधलं. चॅनेलवर टाकायच्या आधी पद्माला पाठवलं.

पद्मानं ते परत पाठवलं. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्या वेळी फोन स्पीकरवर होता, मी समोर बसलेले.

"आवं काकू, आता काय ऱ्हायलं त्यात?"
"पहिल्या खेपंला लय रडलास. आता अजिबातच रडंना झालायस. हात थांबला न्हाई बाबा माझा."
"मंजे परत म्हणू?"
"म्हण की. पिकअप कुटं पळून चाललीय?"
तो हसला. "बरं. तुमची भाकरी करपल्याबिगर गाणं चॅनेलवर सोडत न्हाई. नाथाची आण."

त्या दुपारी भिंतीपलीकडून वास आला. मी मनात म्हटलं, सापडलं बाईला काहीतरी.
हातातला चहा निवांत संपवला. मग गेले, चिडवायला.

पद्मा ओट्याला टेकून खाली बसल्यासारखी पडली होती.
तव्यावर भाकरीचा कोळसा.
फोनवर सिद्धनाथचं गाणं, तिसऱ्या खेपेचं, संपून थांबलेलं.

डॉक्टर म्हणाले, क्षणात गेल्या, कुणालाच काही करता आलं नसतं. लोक हे धीर द्यायला सांगतात. मला नुसता संताप येतो.

संताप आणखीही आहे. तिच्या प्रोफाइलवर "RIP काकू" लिहून त्याच्याखाली स्वतःच्या नव्या गाण्याची लिंक चिकटवणाऱ्यांनो, लाज नावाची एक गोष्ट असते. शाळेत नसेल शिकवली तर माझ्याकडे या.

तिचा मुलगा फोन माझ्याकडे ठेवून बंगळूरला परत गेला. "मावशी, त्या गाण्यांचं काय ते तुम्हीच बघा."
काय बघू? शाळेत पियानोच्या सिस्टरांनी माझ्या कानांपुढं हात टेकले होते. गाणी अजून येतात. "काकू, ऐकलं का?" "मॅडम, फक्त दोन शब्द." मी स्क्रीनकडे बघत बसते.

मागच्या आठवड्यात सिद्धनाथचा फोन आला.

"लय वाईट झालं, काकू."
मी हं म्हटलं.
"एक इचारू? राग मानू नका. माजं गाणं ऐकलं हुतं का त्यांनी? करपली का?"
"मला नाही सांगता येत रे."
"मग तुमी ऐका की. भाकरी येती न्हवं तुमाला?"
"माझी रोजच करपते."

तो हसला नाही. मीही नाही.
"मग ऱ्हाऊ द्या," म्हणाला. "ऱ्हाऊ द्या गाणं."

त्यानंतर पद्माचा तवा मी आणून चढवला. गाणं लावलं. भाकरी करपली. मग गाण्याशिवाय दुसरी टाकली. तीही करपली.

सिद्धनाथ, तू हे वाचशील. फोनवर तोंडातून निघालं नाही ते इथं लिहिते.

भाकरी करपली होती. तुझंच गाणं चालू असताना.
तुझ्या गाण्यानं तिचा हात थांबला, की तीच थांबली म्हणून करपली, ते मला माहीत नाही. कधी कळणारही नाही. "गाण्यानंच" असं म्हणून तुला मोकळं करावं असं रोज वाटतं. पण तिनं एकालाही खोटं "करपली" म्हटलं नाही, आणि तिच्या नावावर मी ते म्हणणार नाही.

आता आण मोडायची की पाळायची, तू ठरव.

पद्मा, गॅस मी बंद केलाय.
जा तू आता.