भिंतीतली बेचाळीस भोकं

स्टेशनात त्यांना सगळे बेडूकराव म्हणत. नाव कुणी पाडलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण ते बसलं ते कायमचं. एकतीस वर्षं जमिनीखाली, घोटाभर पाण्यात, पंपाशेजारी बसलेल्या माणसाला दुसरं काय म्हणणार? शेवटचं ‘राव’ मानाचं आहे, असं नाव घेणारा प्रत्येक जण वर सांगायचा. बायकोला मात्र ते नाव मुळीच खपत नसे. “मग मला काय म्हणणार आहेत ते लोक?” असं ती विचारायची.

स्टेशन जुनं, सव्वाशे वर्षांचं. त्याच्या पोटात माणसांनी चालायच्या तीन भुयारी वाटा होत्या. दोन आखूड, एका फलाटावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या. तिसरी लांबलचक. ती सगळ्या रुळांखालून जाऊन थेट पलीकडच्या वस्तीत निघायची. पूर्वी तिच्यातून सामानाच्या हातगाड्या जात, म्हणून तिला दोन्ही तोंडांशी पायऱ्यांऐवजी उतार होता. म्हातारी माणसं, पोरं कडेवर घेतलेल्या बाया, गुडघ्यांनी दगा दिलेले लोक, सगळे त्याच वाटेनं जायचे. वर लोखंडी पूल होता, पण त्याला चौऱ्याहत्तर पायऱ्या. लिफ्ट होती, आणि ती बंद आहे असं सांगणारी पाटी तिच्याहून जास्त टिकाऊ होती.

आता वरच्या लोकांना या वाटांचं एकाएकी प्रेम फुटलं होतं. जुनं ते जपायचं, पण नुसतं कुलूप लावून नाही, वापरात ठेवून, असं ठरलं होतं. एका आखूड वाटेत वाचनालय, दुसरीत जुन्या फोटोंचं दालन. काम बघणाऱ्या आर्किटेक्ट बाई तरुण होत्या, उत्साही होत्या. डोक्यावर हेल्मेट घालून तासन् तास खाली बसायच्या आणि बेडूकरावांना काका म्हणायच्या. विटांवरून त्या असा हात फिरवायच्या की बेडूकरावांना जरा लाजल्यासारखं व्हायचं. याच विटांना त्यांनी एकतीस वर्षं शिव्या घातल्या होत्या.

त्यांना या भुयारांचं कौतुक नव्हतं हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ते थकले होते. ओलीनं हाडं दुखायची, पायाच्या बोटांमधली कातडी बारा महिने पांढरीफटक असायची, आणि निवृत्तीला चार महिने उरले होते. ते चार महिने धड जावेत एवढीच त्यांची इच्छा होती. पण तिसऱ्या वाटेचं प्रकरण निघालं आणि त्यांची झोप उडाली.

तिसरी वाट सात वर्षं बंद होती. तिच्या दारावर ‘तात्पुरती बंद’ अशी पाटी होती आणि त्या पाटीलाही आता गंज चढला होता. आत एका बाजूची भिंत फुगली होती. मधोमध तिला चांगलं वीतभर पोट सुटलं होतं. तपासणीसाठी बोलावलेल्या इंजिनिअर साहेबांनी दोनदा मापं घेतली आणि सांगितलं की वरच्या नव्या फलाटाच्या वजनानं पाया बसलाय, ही वाट वाचायची नाही. दोन्ही आखूड वाटा जपायच्या आणि हिच्यात वाळू-काँक्रीट भरून हिला कायमची बुजवायची. बुधवारी शेवटची पाहणी, मग सही.

पाया बसला नव्हता. ते जगात एकट्या बेडूकरावांना ठाऊक होतं.

त्या भिंतीच्या मागे ओल होती, पहिल्या दिवसापासून. बांधणाऱ्यांना ते माहीत होतं, म्हणून त्यांनी भिंतीच्या तळाशी ओळीनं बेचाळीस भोकं ठेवली होती. मागचं पाणी त्यांतून गटारीत उतरायचं, गटारीतून खड्ड्यात, आणि खड्ड्यातून पंपानं वर. भोकं गाळानं भरत, म्हणून दर आठवड्याला प्रत्येकात सळई घालून ती मोकळी करायची. हे काम बेडूकरावांना जुन्या मुकादमानं शिकवलं होतं. मुकादम म्हणायचा, “भिंत रडते तोवर उभी आहे. रडायची थांबली की तू रड.” मुकादम गेला, त्याच्यानंतर सळई हातात धरणारे बेडूकराव एकटेच उरले. वरच्या कुणाला भोकं आहेत याचाही पत्ता नव्हता. नकाशात ती नव्हतीच.

अकरा वर्षांपूर्वी बायको लोखंडी पुलावरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं, आठ महिने अंथरूण. घरात दुसरं कुणी नाही. दिवसा तिची थोरली बहीण पलीकडच्या वस्तीतून त्याच तिसऱ्या वाटेनं यायची, तिला न्हाऊमाखू घालायची, भरवायची आणि पाच वाजता परत जायची, कारण तिच्याही घरी अंथरुणाला खिळलेला नवरा होता. पाचनंतर बेडूकरावांनी घरी असायलाच हवं होतं. आणि भोकांचं काम सातला संपायचं.

मग एका आठवड्यात त्यांनी ती सगळी भोकं सिमेंटनं बुजवून टाकली. वरून चुना मारला, चुन्यावर काजळीचा हात फिरवला. इतकं बेमालूम की दुसऱ्या दिवशी त्यांची त्यांनाच ती सापडेनात. बायको बरी झाली की पुन्हा उघडू, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. पण बायको उठून चालायला लागेपर्यंत भिंत कोरडी ठणठणीत दिसत होती आणि साहेब लोक कौतुक करत होते. त्या वर्षी ‘उत्कृष्ट देखभाल’ म्हणून त्यांना प्रमाणपत्रही मिळालं. आता त्यानंतर सळई घेऊन भिंत पुन्हा ओली करायला कोण जाईल? आज उघडू, उद्या उघडू करत चार वर्षं गेली, आणि एक दिवस भिंतीला पोट दिसलं. वाट बंद झाली. 

त्यातही खरी गोष्ट ऑफिसची नव्हतीच. ऑफिस फार तर कागद काळे करील. गोष्ट घरातली होती. वाट बंद झाल्यावर बायको ताईकडे चालत जाऊ शकेना. पुलाच्या पायऱ्या तिला जन्मात जमणार नव्हत्या. गाडी करून, उड्डाणपुलावरून वळसा घालून जावं लागे. रोजची भेट आठवड्यावर आली, आठवड्याची महिन्यावर. आणि तीन वर्षांपूर्वी एका दुपारी, नवऱ्यामागं एकट्या राहणाऱ्या ताईच्या शेजारणीचा फोन आला, लवकर या. बायको गाडीत बसून सव्वा तास उड्डाणपुलावरच्या गर्दीत अडकली. पोहोचली तेव्हा ताईचे डोळे मिटवून झाले होते. शेजारीण म्हणाली, “आत्ता आत्तापर्यंत तुमचं नाव घेत होत्या.”

गप्प बसावं तर वाट कायमची गाडली जाणार, आणि तिच्याबरोबर सगळं झाकलं जाणार. बोलावं तर वाट वाचेल, पण मग घरी सांगावं लागेल. बेडूकरावांनी मंगळवारचा सगळा दिवस पंपाशेजारी बसून काढला. मला आता कशाचाच त्रास नको, असं ते स्वतःला सांगत राहिले. ते खरंही होतं.

बुधवारी सगळे खाली उतरले. साहेबांनी छोट्या हातोडीनं भिंत वाजवली, मान हलवली.  आर्किटेक्ट बाईंनी फोटो काढायला सुरुवात केली, आजारी माणसाचा शेवटचा फोटो काढून ठेवावा तसे. ते बघून बेडूकरावांना राग आला, कुणाचा ते त्यांनाही नीट कळलं नाही.

“साहेब, जरा थांबता का?” ते म्हणाले.

कोपऱ्यातली सळई आणि घण त्यांनी उचलला. तळापासून तिसरा थर, हातानं चाचपत विटा मोजल्या, गुडघे टेकले आणि घाव घातला. चौथ्या घावाला सिमेंटचा खडा सुटला. मागून काळपट पाण्याची धार निघाली, मनगटाएवढी, आणि बेडूकरावांच्या छातीवर आदळली.

“अहो, काय करताय हे!” साहेब ओरडले. “असं एकदम उघडतात का? भिंत अंगावर आली असती म्हणजे?”

“नाही येत. हे कडेचं आहे, पोटापासून लांब.”

धार थांबेना. पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, मग वही उघडून आधीचं पान खोडलं.

“पाया नाही बसलेला,” ते सावकाश म्हणाले. “मागून पाण्यानं रेटलंय. अशी किती भोकं आहेत?”

“बेचाळीस. मीच बुजवलीत. अकरा वर्षं झाली.”

 बेडूकरावांचा शर्ट पोटाला चिकटला होता आणि ते गुडघ्यांवरच बसून होते.  आर्किटेक्ट बाईंनी हात देऊन उठवलं. बाजूला नेऊन हळूच म्हणाल्या, “काका, आपण अहवालात लिहू, भोकं काळाच्या ओघात बुजली. गाळानं बुजतातच की. चार महिन्यांसाठी तुमच्या नावाला कशाला डाग?”

मोठ्या मनाची बाई. पण साहेबांच्या कानांवर ते गेलंच. “गाळ लिहिलं तर खालचे लोक जोरानं पाणी मारून ती साफ करायला जातील,” ते म्हणाले. “समोर सिमेंट असेल तर तो सगळा जोर भिंतीवर. उरलेलीही पडेल. मला प्रत्येक भोक हवंय. कुठं, किती खोल, कशानं भरलं.”

तेव्हा बेडूकराव पंपाच्या खोलीत बसले आणि लिहायला लागले. पहिली एकोणीस भोकं हातभर खोल भरलेली, खडी घालून, ठासून. विसाव्यापासून दमले होते, नुसता चार बोटं थापा. साहेबांनी कागद वाचला आणि पहिल्यांदाच जरासे हसले. “तुम्ही आळस केलात ते बरं झालं. ही तेवीस दोन दिवसांत उघडतील.” बेडूकरावांनी खाली सही केली, तारीख घातली, आणि तेवढ्यानं ते मोकळे झाले, म्हणजे ऑफिसपुरते.

घरी बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. ते समोर बसले आणि सगळं सांगितलं, काही न राखता. ती घड्या घालत राहिली. सगळं ऐकून झाल्यावर तिनं एकच विचारलं.

“ताई गेली तेव्हा ती वाट चालू असती?”

“असती.”

तिनं घडी पूर्ण केली, कपडे उचलले आणि आत नेऊन ठेवले.

भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. जेवायला वाढलं, नळाला पाणी कमी येतंय म्हणाली, दाराची बिजागरी कुरकुरते म्हणाली. पुढं दीड वर्ष ती सगळं बोलली, फक्त त्यावर बोलली नाही. बेडूकराव निवृत्त झाले. ऑफिसनं सेवापुस्तकात नापसंतीची दोन ओळींची नोंद केली. निरोपाला चहा होता, भाषण नव्हतं. तरी ते अधूनमधून तिसऱ्या वाटेत जाऊन बसत. भोकं एक-एक करून उघडली, महिनोन् महिने पाणी उतरलं, फुगलेला भाग नंबर घातलेल्या विटा काढून त्याच विटांनी पुन्हा बांधला. ओल तशीच आहे आणि ती तशीच राहणार, हे आर्किटेक्ट बाई आता येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगत. नव्या पंपवाल्याला भोकं साफ करायला बेडूकरावांनीच शिकवलं. त्यांना आनंद व्हायला हवा होता. त्यांना फक्त बसावंसं वाटायचं.

वाट उघडली त्या दिवशी सकाळी फीत कापून झाली, पाहुणे वर निघून गेले. दुपारी बायको काठी घेऊन उताराशी आली.

“मी जाऊन येते,” ती म्हणाली.

“मी येऊ?”

“नको.”

भिंतीला हात लावत ती उतार उतरून गेली. बेडूकराव तोंडाशी टाकलेल्या नव्या बाकावर बसले. माणसं जात होती, येत होती, एक बाई मुलाची ढकलगाडी घेऊन गेली, पाठीवर पिशवी टाकलेले दोन म्हातारे गप्पा मारत गेले. या सगळ्यांनी साडेआठ वर्षं पूल चढला होता. बेडूकराव जमिनीकडे बघत राहिले.

बऱ्याच वेळानं ती आली. बाकावर बसली, त्यांच्यापासून हातभर अंतर ठेवून. दम खाल्ला, पदरानं मान पुसली.

“कुलूप आहे ताईच्या घराला,” ती म्हणाली. “खिडक्यांना फळ्या मारल्यात.”

बेडूकरावांनी तिची काठी घेऊन बाकाला टेकवून ठेवली. 

“सोळा मिनिटं लागली,” ती म्हणाली. “या पायांनी. वाटेत दोनदा थांबून.”