बाई कुणाच्या बाजूच्या होत्या?

रशीदा तांबोळी गेल्याची बातमी शिक्षकांच्या ग्रुपवर आली, तेव्हा मी ती खरी मानली नाही. त्या ग्रुपवर काय वाटेल ते येतं. सुट्टी जाहीर झाल्याचं येतं आणि शाळा भरते. कुणाच्या तरी बदलीचं येतं आणि तो माणूस दुसऱ्या दिवशी समोर उभा असतो. कुठलाही मेसेज वाचला की आधी विचारायचं, हा कुणी पाठवला आणि त्याचा यात काय फायदा, ही सवय मला रशीदानंच लावली होती. म्हणून मी सरळ तिच्याच नंबरवर फोन लावला. ती उचलेल, हसेल, आणि मग हा चावटपणा कुणी केला ते आम्ही दोघी शोधून काढू, असं मनाशी ठरवलं होतं. फोन तिच्या नवऱ्यानं, इक्बालभाईंनी उचलला. ते नुसतं "हां, सुनंदाताई" एवढंच म्हणाले... पुढचं मला कळलं. सकाळी चहा टाकता टाकता छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात पोचायच्या आतच संपलं होतं. त्याला आता काही आठवडे झालेत. तरी हे लिहायला बसताना मन बिचकतं, कारण रशीदाबद्दल काही लिहिलं की कुणीतरी विचारणारच, हे तुम्हाला कुणी लिहायला लावलं.

आम्ही दोघी पिंपळवंडीच्या अलीकडच्या एका गावातल्या हायस्कुलात बरीच वर्षं बरोबर होतो. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. ती जुन्नरहून यायची, मी नारायणगावहून. ती विज्ञान शिकवायची आणि मी मराठी. अंगानं बारीक, आवाज मात्र असा की तिचा तास सुरू झाला की माझ्या वर्गातल्या मुलांचे कान तिकडे लागायचे. दहावीला ऊर्जेचा धडा आला की ती फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारायची. एका बाजूला फायदे, दुसऱ्या बाजूला तोटे. सौर, पवन, जलविद्युत, गोबरगॅस, कारखान्यातल्या उसाच्या चिपाडावरची वीज... प्रत्येकाला ती त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना उभं करायची. पुस्तकात जलविद्युत स्वच्छ आहे असं छापलेलं असलं, तरी वर्गातल्या एखाद्या मुलीच्या आईचं माहेर डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलेलं असायचं. रशीदा तिला उभी करून विचारायची, तुझी आजी याला काय म्हणते? आणि मुलगी जे सांगेल ते तिच्याच शब्दांत फळ्यावर लिहायची. गावात बंद पडलेल्या गोबरगॅसच्या टाक्या होत्या, त्या बघायला वर्ग घेऊन जायची. फुकट म्हणून सांगतात त्यावर आधी संशय घ्या, ऊन फुकट असेल, पण ते धरायला जागा लागते, काच लागते, तार लागते, आणि ती जागा कुणाची तरी असते, हे तिचं ठरलेलं बोलणं. मुलांना ते पाठ झालं होतं. आम्हालाही.

मग तीच जागा गावात येऊन उभी राहिली. गावाच्या वरच्या अंगाला गायरानाचा मोठा माळ आहे. तिथे सोलरचा प्रकल्प येणार अशी बोलवा झाली. कंपनीची पांढरी गाडी माळावर फिरायला लागली, मोजणी करणारी माणसं दिसायला लागली. पॅनल लागले की शेतीला दिवसा वीज मिळणार होती. आमच्याकडे दिवसा वीज म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला पटकन कळायचं नाही. रात्रीची लाइट आली की उसाला पाणी द्यायला रात्रीच जावं लागतं, आणि उसात बिबट्या असतो. गावातले बबनराव वायकर हे मोठे बागायतदार. त्यांच्या धाकट्या भावावर मोटर चालू करायला जाताना बिबट्यानं झडप घातली होती. जीव वाचला, पण उजवा हात कायमचा निकामी झाला. बबनरावांना माळावर सोलर हवंच होतं, आणि त्यांचं काही चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. दुसरीकडे माळाच्या कडेला धनगरांची घरं. त्यातले ठकाजी थोरात अजून मेंढरं राखून होते. पावसाळ्यात त्यांच्या मेंढरांना दुसरीकडे जायला जागाच नव्हती. माळाला तारेचं कुंपण पडलं की कळप विकायचा, एवढाच रस्ता उरत होता.

या दोघांचीही मुलं रशीदाच्या वर्गात होती. बबनरावांचा ओंकार आणि ठकाजींची मनीषा. रशीदानं त्या वर्षी ऊर्जेच्या धड्यावर वर्गात वाद ठेवला आणि एकच नियम घातला. आपल्या घराची जी बाजू असेल ती बोलायची नाही, समोरची बोलायची. ओंकारनं मेंढरांच्या वतीनं उभं राहायचं, मनीषानं सोलरच्या. मी तिला म्हटलं होतं, हे अंगाशी येईल. ती म्हणाली, स्वतःच्या घरचं तर कुणीही बोलतं, त्याला शाळा कशाला लागते?

मुलं तयारी करायची म्हणून घरी मोठमोठ्यानं पाठ करायला लागली. इथूनच सगळं बिघडलं. जेवायला बसलेल्या ठकाजींच्या कानावर स्वतःच्या मुलीच्या तोंडून सोलरचे फायदे पडायला लागले. बबनरावांचा मुलगा अंगणात उभा राहून गायरान वाचवायचं भाषण ठोकायला लागला. धनगरवस्तीत बोललं जाऊ लागलं की कंपनीनं बाईला फोडलंय. बागायतदारांच्या पारावर चर्चा होती की बाई धनगरांना चिथावतायत. शाळेतही कुजबुज सुरू झाली. ती स्टाफरूममध्ये आली की बोलणं तुटायचं. एकानं तर मला विचारलं, ती जुन्नरची, तिला इथल्या माळाशी काय घेणं? तांबोळी आडनावाकडे बोट होतं, हे न कळण्याइतकी मी भाबडी नव्हते. तिलाही ते कळत असणार.

त्यातच एका दुपारी ती कंपनीच्या पांढऱ्या गाडीतून फाट्यावर उतरली. मीच नाही, फाट्यावरच्या सगळ्या टपऱ्यांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी तिला सरळ विचारलं. ती म्हणाली, पॅनलच्या खाली मेंढरं चरू शकतील का, हे विचारायला माळावर त्यांच्या इंजिनिअरकडे गेले होते. तो म्हणाला, सांगाडे उंच घेतले तर जमेल, पण वरचे लोक खर्चाला तयार होणार नाहीत. परत निघताना एसटी चुकली म्हणून त्यानं सोडलं. एवढंच. सांगताना ती माझ्याकडे रोखून बघत होती... मला पटतंय का ते बघत असावी. मी मान हलवली. पण संशय ही अशी चीज आहे की उत्तर बरोबर आलं तरी ती जात नाही. उत्तर इतकं व्यवस्थित कसं, याचाच संशय येतो.

ग्रामसभा मारुतीच्या देवळासमोरच्या मंडपात भरली. विषय माळाचा होता, पण सुरुवात झाली रशीदापासून. तिला निरोप पाठवून बोलावलं होतं. सोबत म्हणून मी गेले. बायकांच्या बाजूला आम्ही दोघी बसलो होतो. ठकाजी उठले. उंच, सावळे, बोलताना हात पाठीमागं बांधायची सवय.

"मपली पोरगी रोज घरात काय बोलती, ते सांगतो," ते म्हणाले. "म्हनती, सोलर आलं की दिवसा लाइट मिळंल. रातच्याला पानी धरायला कुनाला उसात जावं लागनार न्हाई. बबनरावाच्या भावावानी कुनाचा हात जानार न्हाई. मेंढरं काय, दुसरीकडं बी चरत्याल, पर गेलेला हात येत न्हाई. हे तिला कुनी शिकवलं?"

ठकाजी बसायच्या आतच बबनराव उठले. "आन आमचा ओंकार काय म्हनतो, ते बी ऐका. त्यो म्हनतो, ऊस काय चार दिस वाळला तर उगवंल पुन्हा. माळ एकदा कुंपनात गेला तर ठकाजीच्या पिढ्यानपिढ्याचा कळप बाजारात जाईल. मेंढरं न्हाई तर त्या घरात दुसरं काय हाये? असं मपल्या घरात, मपला पोरगा बोलतो. बाईनीच हे भरवलं त्याच्या डोक्यात."

दोघंही तावातावानं बोलले होते. तक्रार करत होते. बबनरावांचा भाऊ पुढेच बसला होता, निकामी हात मांडीवर घेऊन. तो ठकाजींकडे बघत राहिला. मला वाटतं, त्याच्या हाताचा विषय समोरच्या बाजूनं पहिल्यांदाच निघाला होता. ठकाजीही खाली बसले ते मान वर न करता. मग सरपंचांनी रशीदाला विचारलं, "बाई, तुमी एकदा सांगून टाका. तुमी कुनाच्या बाजूच्या?"

ती उठली, पदर सारखा केला. "मी शिकवते," ती म्हणाली. "माझ्या बाजूचं काम नाही यात. माळ तुमचा आहे."

कुणाला ते आवडलं नाही. बाई उत्तर चुकवत्यात, असं मागून कुणीतरी म्हणालं, आणि बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. सभा लांबली. शेवटी गावानं खडकाळ उताराचा भाग प्रकल्पाला द्यायचा आणि ओढ्याकडचा गवताचा पट्टा गायरानातच ठेवायचा, असा ठराव केला. मेंढरांना उतारावरून खाली यायला वाट सोडायची, हेही त्यात आलं. हे रशीदामुळे झालं असं कुणी म्हणालं नाही. उलट गवताचा पट्टा राहिला तो बाईमुळे, असं बागायतदार रागानं म्हणत राहिले, आणि उतार गेला तो बाईमुळे, असं धनगरवस्ती. दिवसा वीज आली, मेंढरंही राहिली, पण बाई आतून कुणाला तरी सामील होत्या, हे दोन्हीकडे पक्कं झालं.

शाळेचं नवं वर्ष सुरू होताना तिची बदली संस्थेच्या शिनोलीच्या शाळेत झाली. तक्रारीचा अर्ज आल्याचं हेडमास्तर तोंडातल्या तोंडात बोलले. कुणाचा, ते सांगितलं नाही. जुन्नरहून शिनोली म्हणजे घोडेगावला एसटी बदलायची, सकाळी लवकर निघायचं, संध्याकाळी उशिरा घरी. ती कुरकुरली नाही. पण बदलली. पूर्वी ती प्रत्येक गोष्टीवर संशय घ्यायची तो मुलांना शिकवायचा म्हणून, खेळीमेळीनं. आता तो संशय तिच्या स्वतःच्या अंगाला लागला होता. फोनवर बोलता बोलता मध्येच थांबायची, जवळ कोण आहे असं विचारायची.

आमची शेवटची भेट नारायणगावच्या स्टँडवर झाली, दिवाळीच्या सुट्टीत. आम्ही चहा घेतला. शिनोलीच्या मुलांबद्दल ती भरभरून बोलली. एका मुलानं पवनचक्की नको म्हणून तिच्याशी भांडण केलं होतं आणि ती त्यावर खूश होती. मग कप खाली ठेवून म्हणाली, "सुनंदा, एक विचारू? अर्जावर तुझी सही होती का?"

मला आधी राग आला, मग वाईट वाटलं. मी म्हटलं, "नव्हती."

"बरं," ती म्हणाली आणि उरलेला चहा प्यायली. जुन्नरची गाडी लागली. ती खिडकीशी बसली, हात केला. तिला माझं खरं वाटलं की नाही... हे मला कधी कळणार नाही, असं धरून मी दिवस काढले.

मातीला दोघेही आले होते. ठकाजी गल्लीच्या एका बाजूला उभे, बबनराव दुसऱ्या. एकमेकांना रामराम केला, पण जवळ आले नाहीत. आम्ही बायका घराच्या दारात होतो. कब्रस्तानातून परतताना ठकाजी माझ्यापाशी थांबले, डोळे लाल झालेले. "मनीषा इलेक्ट्रिकलला हाये आता पुन्याला," ते म्हणाले. "बाईंनीच नाद लावला. पर खरं सांगा मॅडम, आता लपवून काय उपेग, बाई कंपनीच्या व्हत्या का आमच्या?" मी म्हटलं, मला माहीत नाही. ते त्यांना पटल्यासारखं दिसलं नाही. मला काहीतरी माहीत आहे आणि मी सांगत नाही, अशा नजरेनं ते बघत राहिले. थोड्या वेळानं बबनरावांनीही हेच विचारलं. फक्त कंपनीच्या जागी त्यांनी धनगरांचं नाव घेतलं.

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर मी जुन्नरला इक्बालभाईंना भेटायला गेले. पेठेत त्यांचं घड्याळांचं दुकान, वर घर. ते मला गच्चीवर घेऊन गेले. घरात बसवत नव्हतं त्यांना. गच्चीवर कपडे वाळत घालायची दोरी, कोपऱ्यात पाण्याची टाकी, आणि मध्ये एक प्लॅस्टिकची खुर्ची, पश्चिमेकडे तोंड केलेली. ती कुणाची, हे मी विचारलं नाही. ते आपणहून बोलले. घरावर सोलर बसवायचं म्हणून लोक कितीदा येऊन गेले होते. रशीदा त्यांना चहा द्यायची, हजार प्रश्न विचारायची आणि परत पाठवायची. पंचवीस वर्षांनी हे पॅनल टाकायचे कुठे, असं विचारलं की त्यांचा चेहरा पडायचा. अडचण शेजारच्या जांभळाची होती. दुपार कलली की त्याची सावली गच्चीवर येते. शेजाऱ्याला झाड छाटायला सांगायचं की पॅनलचा नाद सोडायचा, हे तिचं ठरत नव्हतं. सुट्टीच्या दिवशी ती या खुर्चीत बसून सावली कुठपर्यंत येते ते बघायची.

"दिवाळी झाल्यावर म्हणाली मला," इक्बालभाई म्हणाले, "सुनंदाला एकदा बोलावून घेते. ती बघेल आणि सांगेल. मला बरं वाटावं म्हणून नाही सांगणार, जे आहे ते सांगेल."

मी त्यांच्याकडे बघितलं. हे दिवाळीनंतरचं होतं, म्हणजे स्टँडवरच्या त्या चहानंतरचं. की आज मला बरं वाटावं म्हणून इक्बालभाईच हे सांगत होते... हाही विचार येऊन गेला. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. ते दोरीवरचा टॉवेल काढून घडी घालत होते.

"मग काय करायचं, ताई?" त्यांनी विचारलं. "बसवू की नको?"

सावली अजून शेजारच्या पत्र्यावरच होती. मी म्हटलं, थांबा, बघू द्या, आणि त्या खुर्चीत बसले.